स्वार नसलेला घोडा

जो माणूस कादंबरीच्या एकाही प्रकरणात समोर येत नाही, त्याला मुखपृष्ठावर आणावं का? प्रकाशकांच्या कचेरीत हा प्रश्न पाच मिनिटांत निकालात निघतो. मला मात्र तो घेऊन बरीच फिरती करावी लागली, आणि तो मुळात पुस्तकांच्या धंद्यातला नाहीच, धर्माने फार जुन्या काळापासून स्वतःला विचारलेला आहे, हे त्या फिरतीत कळलं.

माझ्या कादंबरीतले आप्पा चाळिशीत घर सोडून जातात. डोक्यावर कर्ज नाही, भाऊबंदकी नाही, दुसरं कुणी बाईमाणूस नाही. पहाटे उठून सायकलवरून लोणंदच्या स्टेशनावर जातात, सायकल चहाच्या टपरीला टेकवतात आणि गाडीत बसतात. दुपारी टपरीवरचा पोरगा सायकल हातात धरून चालत घरी आणून देतो. कादंबरी इथून सुरू होते. पुढची सगळी पानं मागे राहिलेल्यांची आहेत: बायको, म्हातारी आई, दोन मुली, शेताचा वाटेकरी. आप्पा कुठल्या मठात गेले की गंगेच्या काठी, त्यांना काय गवसलं, यातलं काहीही मी लिहिलेलं नाही. आमच्या चुलत घराण्यात असं घडलेलं आहे, आणि जे घरात राहिले त्यांना यातलं काहीच कधी कळलं नाही. त्यांना न कळलेलं मी वाचकाला सांगणं मला पटेना.

पहिलं रेखाटन आलं त्यात पाठमोरा माणूस होता. अंगावर भगवी छाटी, समोर वळत गेलेली वाट, वर तांबडं आभाळ. चित्रकार कोल्हापुरात शिकलेला तरुण, हात अतिशय चांगला. "ताई, चेहरा कुठे दाखवलाय? पाठच आहे," तो म्हणाला. खरं होतं. पण चित्र काढणारा त्या वाटेवर आप्पांच्या मागे उभा होता. माझ्या कादंबरीत त्यांच्या मागे कुणीही जात नाही. प्रकाशकांचं म्हणणंही रास्त होतं. दुकानातल्या टेबलावर पुस्तकांची दाटी असते, मोबाइलवर मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं, आणि माणसाला माणूस दिसला की हात थांबतो. "निर्गुण मुखपृष्ठ विकत नाही हो," असं ते म्हणाले. ते सहज म्हणाले असतील, पण तो शब्द माझ्या मनातून गेला नाही.

अशा भांडणात लेखकांना काफ्का आठवतो. १९१५ साली त्याची 'मेटॅमॉर्फॉसिस' पुस्तकरूपाने निघत होती. चित्रकार ओटोमार श्टार्के तो किडाच काढेल या धास्तीने काफ्काने प्रकाशकाला पत्र लिहिलं: किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. नकार एवढाच आपल्या लक्षात राहतो. पण त्याच पत्रात त्याने काय काढता येईल हेही सुचवलं होतं. उजेडाच्या खोलीत आईवडील आणि बहीण, आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडं. काफ्काने चित्र काढायला हरकत घेतली नव्हती. चित्र कुणाच्या जागेवरून काढायचं, ते त्याने ठरवून दिलं होतं. घरच्यांच्या जागेवरून.

मुखपृष्ठाचा निर्णय लांबत होता, त्या दरम्यान माझं सांचीला जाणं झालं. सोबत थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. माळकरी आहेत, आषाढीची वारी त्यांनी चुकवलेली मला आठवत नाही. भोपाळहून निघालो ते सकाळीच स्तूपाच्या टेकडीवर पोचलो.

मोठ्या स्तूपाला चार दिशांना चार तोरणं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. दक्षिणेच्या तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुखिया आनंद याच्या दानाचा लेख आहे, म्हणजे आपल्या सातवाहनांची माणसं तिथवर पोचलेली होती. त्याच तोरणावरचं एक कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केल्याची नोंद आहे. दगडात इतकं बारीक काम कसं, याचं उत्तर त्या नोंदीत मिळतं. पण मला सांगायचं आहे ते पूर्वेच्या तोरणाबद्दल. त्याच्या मधल्या आडव्या तुळईवर सिद्धार्थाचा गृहत्याग कोरलेला आहे.

डावीकडे कपिलवस्तू, तट आणि वेस. वेशीतून घोडा बाहेर पडतो. हा कंथक. त्याच्या पाठीवर कुणी नाही. पाठीच्या वर मात्र छत्री धरलेली आहे, चवरी ढाळली जाते आहे, आणि टापांचा आवाज होऊन शहर जागं होऊ नये म्हणून देवगणांनी त्याचे खूर तळहातांवर झेलले आहेत. तोच घोडा थोडा पुढे पुन्हा येतो, मग पुन्हा, असा उजवीकडे सरकत जातो. प्रवास दाखवायची ही रीत: एकच आकृती, वेगवेगळ्या मुक्कामांवर. उजव्या टोकाला दोन पावलं उमटलेली आहेत आणि छत्री आता त्या पावलांवर आहे. सारथी छंदक तिथे नमस्कार करतो आहे. आणि मग त्याच्याच खाली छंदक घोडा घेऊन उलट दिशेने, शहराकडे, परत निघाला आहे.

हा परतीचा घोडा मी फार वेळ पाहत राहिले. जातानाही त्याची पाठ मोकळी होती, येतानाही मोकळीच आहे. दगडात काही फरक नाही. फरक एवढाच की आता त्याच्यावर छत्री नाही. पहिल्या मोकळ्या पाठीवर कुणीतरी आहे आणि दुसरीवर कुणी नाही, हे कोरणाऱ्याने फक्त छत्री काढून घेऊन सांगितलं आहे.

आक्का म्हणाल्या, "अगं, ह्यो तर माऊलींचा अश्व!"

मी फलटण तालुक्यातली. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण लहानपणापासून पाहिलेलं आहे. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन घोडे चालतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माऊलींचा, त्यावर कुणीही बसत नाही, कारण माऊली बसलेल्या आहेत. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून तो मोकळ्या पाठीचा घोडा दौडत जातो आणि तो गेला की माणसं वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. पालखीतही मूर्ती नसते, पादुका असतात. त्यांच्यावर छत्र, बाजूला चवऱ्या आणि अब्दागिरी. सांचीच्या त्या एका तुळईवर घोडा, टापांखालचे हात, पावलं, छत्री हे सगळं आक्कांना ओळखीचं होतं. एकातून दुसरं आलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. इतकंच म्हणते की सांचीच्या त्या तुळईपुढे आक्कांना वाटाड्याची गरज पडली नाही.

सांचीला बुद्ध माणसाच्या रूपात का नाही, याचं रूढ उत्तर असं दिलं जातं की जो निर्वाणाला पोचला त्याला देह कसा द्यायचा? तथागत मृत्यूनंतर असतो की नसतो, या प्रश्नाला खुद्द बुद्धांनीच उत्तर द्यायचं नाकारलं होतं. तो अव्याकृत प्रश्नांपैकी एक. तेव्हा मोकळं आसन, बोधिवृक्ष, पावलं या खुणा म्हणजे ते न दिलेलं उत्तर दगडात उतरवणं. हे उत्तर मला आवडतं, पण पूर्वेच्या तोरणावर ते पुरत नाही. घर सोडताना सिद्धार्थ बुद्ध झालेले नव्हते. ते जिवंत, तरुण, देहधारी माणूस होते. निर्वाण वर्षानुवर्षं लांब होतं. तरीही कोरणाऱ्याने त्यांना दाखवलं नाही. आणि याच स्तूपाच्या उत्तर तोरणावर त्यांचाच आधीचा जन्म, वेस्संतर राजपुत्र, चांगला अंगापिंडाने कोरलेला आहे. बायकामुलांसह रथातून वनात जातो आहे. वेस्संतरही घर सोडतो, पण त्याचं कुटुंब शेवटी पुन्हा एकत्र येतं. सिद्धार्थ राजपुत्र म्हणून कधीच परतत नाही. हा भेद कोरणाऱ्यांच्या मनात होता की नाही, ते सिद्ध करता येणार नाही. माझी समजूत मात्र तशी झाली आहे.

१९९० साली सुसान हंटिंग्टन या अभ्यासक बाईंनी या सगळ्यावर वेगळंच म्हणणं मांडलं. या शिल्पांपैकी पुष्कळशी बुद्धचरित्राची नाहीतच, असं त्या म्हणतात. नंतरच्या काळातले यात्रेकरू त्या त्या पवित्र जागी जाऊन वृक्षाची, आसनाची पूजा करत आहेत, त्याचीच ती चित्रं आहेत. बुद्ध वगळले असं म्हणायचं कारणच नाही. विद्या दहेजिया यांनी त्यांना उत्तर देताना दाखवलं की एकाच खुणेत अनेक अर्थ एकदम नांदू शकतात. वाद तज्ज्ञांचा आहे आणि गृहत्यागाच्या तुळईला हंटिंग्टनबाईंचा सिद्धांत सरळ लागू पडेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्यामुळे मला पाहायची दिशा मिळाली. ही शिल्पं बुद्धाकडून काढलेली नाहीत, पाहणाऱ्याकडून काढलेली आहेत. तिथे हात जोडून उभा असलेला जो आहे, त्याला जे दिसतं तेवढंच दगडात आहे.

सगुण थोर की निर्गुण, हा प्रश्न आपण देवाच्या स्वरूपाचा म्हणून सोडवायला जातो आणि मग त्यातून शिडी तयार होते: मूर्ती भोळ्याभाबड्यांसाठी, निराकार जाणत्यांसाठी. ही शिडी मला मान्य नाही. आपल्या संतांनाही ती मान्य नव्हती. दोन्हींत एकच आहे असं ते सांगत राहिले आणि विटेवरच्या सावळ्या रूपासाठी पायी चालत राहिले. सगुण-निर्गुणाचा फरक मला पाहणाऱ्याच्या जागेचा वाटतो. तो कुठे उभा आहे, आणि कधी कधी त्याला कुणी कुठे उभं केलं आहे.

पंढरपूरला महाद्वाराशी नामदेव पायरी आहे, आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. बाहेर. पुढे कित्येक शतकं त्या पायरीपलीकडे ज्यांना जाऊ दिलं नाही, त्यांना निर्गुणाची महती सांगणारे कमी नव्हते. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह झाला. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरीच्या दारासाठी उपोषण केलं. देवाचं मुख समोरून पाहण्याचा हक्क माणसं मागत होती. आणि १९५६ नंतर महाराष्ट्रातल्या वस्तीवस्तीत जी बुद्धविहारं उभी राहिली, तिथे बुद्धांचा चेहरा आहे, शांत, डोळ्यांच्या पातळीवर, कुणीही जवळ जाऊन पाहावा असा. त्या चेहऱ्यासमोर उभं राहून सांचीच्या मोकळ्या आसनाची थोरवी सांगणं मला जमणार नाही. ज्यांना दर्शन नाकारलं गेलं त्यांचा चेहऱ्यावर पहिला हक्क आहे.

कार्ल्याला हे दोन्ही एका ठिकाणी पाहायला मिळतं. चैत्यगृहाच्या आत बुद्धमूर्ती नाही. स्तूप आहे आणि त्याच्यावर लाकडी छत्री, जुन्या काळची, आजही जागेवर. दर्शनी भिंतीवर मात्र स्त्री-पुरुषांची धिप्पाड जोडपी आहेत आणि त्यांच्या मधे मधे बुद्धाच्या प्रतिमा. जोडपी मूळची. प्रतिमा चार-पाचशे वर्षांनी, जिथे जागा मिळेल तिथे आणि जिथे नव्हती तिथे आधीचं काम छिलून घातलेल्या. कलेच्या इतिहासात याला कुणी ऱ्हास म्हणतात. मला त्यात अंतर दिसतं. पहिल्या पिढ्यांना बुद्ध नुकतेच उठून गेल्यासारखे वाटत असतील. त्यांना छत्री पुरली. पाचशे वर्षांनंतर त्या डोंगरात राहणाऱ्या भिक्षूंना पुरली नाही. त्यांनी चेहरा मागितला आणि छिन्नी घेतली. अजिंठ्यातही तेच: दहाव्या लेण्यात नुसता स्तूप, सव्विसाव्यात स्तूपाच्या पुढ्यातच बसलेले बुद्ध, आणि बाजूच्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची ती निजलेली भव्य मूर्ती.

मग माझ्या आप्पांचं काय? इथे मला धर्मानंद कोसंबींकडे वळावं लागलं. गोव्यातल्या सांखवाळच्या या माणसाने १८९९ साली घर सोडलं, घरी बायको आणि तान्ही मुलगी होती. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असं फिरून ते बौद्ध धर्माचे मोठे पंडित झाले. 'भगवान बुद्ध' या पुस्तकात त्यांनी मध्यरात्रीच्या पलायनाची कथा तपासली आहे. जुन्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत आपण केस उतरवून निघालो. चोरून नाही, झोपलेल्या बायकोच्या पायथ्यापासून नाही. घोडा, वेस, मध्यरात्र हे सगळं नंतर आलं. स्वतः घर सोडलेल्या कोसंबींनी हा पुरावा पुढे आणावा, याचं मला फार मोल वाटतं. जाणाऱ्याने रडणारे चेहरे पाहिले होते आणि पुढे आपल्या शिष्यांना ते सांगितलेही. जुन्या ग्रंथात ते आहेत. कथा रंगवणाऱ्यांनी त्यांच्यावर रात्र ओढली.

सांचीच्या कारागिरापर्यंत रात्रीचीच कथा पोचली होती. तरी त्याने परतीचा घोडा ठेवला. मागे राहिलेल्यांसाठी त्या तुळईवर तेवढीच जागा होती आणि ती त्याने सोडली नाही. अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'तही रिकामा घोडा पाहून राजवाड्यातल्या बायका जो आकांत करतात, त्यासाठी सबंध सर्ग दिलेला आहे.

सांचीहून आल्यावर मी चित्रकाराला बोलावलं, मोबाइलवरचे फोटो दाखवले. जाणारा घोडा, येणारा घोडा. काय काढायचं ते मी सांगितलं नाही, ते माझं काम नव्हे. त्याने फोटो मोठे करून बघितले, मग विचारलं, "ताई, सायकलवर आप्पांचं काय सामान असतं?"

"हँडलला कापडी पिशवी. त्यात धोतर आणि पितळी तांब्या."

"आणि पोरगा सायकल आणतो तेव्हा?"

"तेव्हा पिशवी नसते."

तो हसला. आठवड्याने जे आलं त्यात मुखपृष्ठावर भिंतीला टेकलेली सायकल होती, हँडलला पिशवी अडकवलेली. मलपृष्ठावर तीच सायकल, तीच भिंत, तसंच ऊन, पिशवी नाही. माणूस कुठेच नाही. ब्लर्बसाठी ठेवलेली जागा त्याने मोकळी मागितली होती आणि मी ब्लर्ब आतल्या घडीवर न्यायला आनंदाने कबूल झाले. प्रकाशक बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पुस्तकाचा डमी हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, "कागद चांगला वापरू या."

आक्कांना पहिली प्रत दिली. त्यांना वाचायला वेळ लागतो, रोज चारदोन पानं. त्यांचं मत असं पडलं की मुखपृष्ठ चांगलं आहे, पण कादंबरीत आप्पांचा एखादा तरी निरोप यायला हवा होता. "माऊली अश्वावर असत्यात म्हणून आपण माती लावतो. तुझा आप्पा कुठंच न्हाई गं." यावर मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या घोड्यावर छत्र आहे, माझ्या सायकलवर नाही. श्रद्धा असलेल्या आणि नसलेल्या वाट पाहण्यात हा फरक आहे, आणि कादंबरी दुसऱ्या प्रकारच्या वाट पाहण्याची आहे. तिला चेहरा देणं खोटं ठरलं असतं, छत्र देणं त्याहून खोटं.

वाचकांपैकी कुणी सांचीला जाणार असाल तर सकाळी लवकर जा. पूर्वेच्या तोरणावर ऊन तेव्हाच येतं. मधल्या तुळईवर डावीकडून उजवीकडे घोडा पाहून झाला की पुढे जायची घाई करू नका. उजव्या टोकाला, खालच्या बाजूला, छंदक परत निघालेला आहे, तोही पाहा.